पाठ टेकली तरी कुस्ती चालूच! जपानी एमएमए टूर्नामेंट बघायची कशी

३१ डिसेंबरला सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या टीव्हीवर जपान लागतो. तिकडे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. टोकियोच्या जवळच असलेल्या साइतामा शहरातल्या भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये ‘रिझिन’ या संस्थेचा वर्षअखेरचा कार्यक्रम असतो, तो पार रात्रीपर्यंत चालतो. मागे एकदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामा आमच्याकडे राहायला होते. मामा म्हणजे तालमीतला माणूस, तरुणपणी सांगली-कोल्हापूरकडची मैदानं केलेला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने टीव्ही.

पडद्यावर एका पोराने दुसऱ्याचा पट काढून त्याला उताणा पाडला आणि मामांनी मांडीवर थाप मारली. “लागली पाठ! झाली कुस्ती.”

पण उठायचं कुणी नाव घेईना. खालच्याने उताण्या अवस्थेतच वरच्याच्या कमरेला पायांचा विळखा घातला, वरचा त्याच्या तोंडावर बुक्क्या घालायला लागला, आणि पंच शेजारी वाकून नुसते बघत राहिले. मामा माझ्याकडे वळले. “आरं, पंच झोपलाय काय त्यांचा?”

दर डिसेंबरात या लढतींच्या क्लिपा मोबाइलवर फिरायला लागतात आणि लोकांचे प्रश्न साधारण मामांसारखेच असतात. याला काही नियम आहेत का? हे खरं असतं का? आणि दुपारी लढलेला माणूस रात्री परत का लढतोय? त्या दिवशी मामांना जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतो.

पाठ हा निकाल नाही, पाठ ही जागा आहे

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंगच्या बुक्क्या, थाई पद्धतीच्या लाथा आणि गुडघे, कुस्तीचे पट, ज्युदोच्या फेकी आणि सांधे पिळायची, गळा आवळायची जुजुत्सूची विद्या, हे सगळं एकाच लढतीत चालतं. त्यामुळे लढत उभ्याने सुरू होते आणि बऱ्याचदा जमिनीवर जाते. आपल्या कुस्तीत जिथे खेळ संपतो, तिथे इथे अर्धा खेळ सुरू होतो.

उताण्या पडलेल्या माणसाने वरच्याला आपल्या दोन पायांच्या मध्ये धरून ठेवलं की त्या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. दिसायला तो हरल्यासारखा दिसतो. पण तिथून त्याला वरच्याचा हात खेचून कोपर उलटं ताणता येतं, पायांची कैची करून मान आवळता येते. वरच्याला बुक्की मारायची तर हात पुढे करावा लागतो, आणि पुढे केलेला हात म्हणजे खालच्याला दिलेलं आमंत्रण. मामांना हे पटायला दोन लढती लागल्या. तिसऱ्या लढतीत खालच्याने वरच्याचा हात धरून कोपर ताणलं, वरच्याने घाईघाईने चटईवर थापट्या मारल्या आणि मामा म्हणाले, “म्हंजे पाठीवर पडून गळ टाकून बसलाय त्यो.”

त्या थापट्यांना ‘टॅप’ म्हणतात. हरलो, सोड, असा त्याचा अर्थ. लढत संपायची ही एक वाट. दुसरी म्हणजे शुद्ध हरपणं. तिसरी, पंचांनी किंवा डॉक्टरांनी थांबवणं. चौथी, कोपऱ्यातल्या वस्तादाने टॉवेल फेकणं. यातलं काहीच झालं नाही, वेळ संपली, तर गुणपंच निकाल देतात. टॉवेल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानी आखाड्याची तऱ्हा

अमेरिकेतल्या यूएफसी या संस्थेत आठ कोनांच्या जाळीच्या पिंजऱ्यात लढतात. जपानच्या मोठ्या कार्यक्रमांत बॉक्सिंगसारखं दोऱ्यांचं रिंगण असतं. फरक किरकोळ वाटतो, पण लढत बदलते. पिंजऱ्यात जाळीला पाठ लावून उभं राहता येतं. दोऱ्यांत ते जमत नाही, माणूस मधूनच बाहेर लोंबायला लागतो. मग पंच ओरडतात, “डोन्ट मूव्ह!” दोघेही होते तसे गोठतात. पंच आणि सहाय्यक त्या गुंत्याला तसाच ओढत मध्यभागी आणतात, कुणाचा हात कुठे होता, डोकं कुणाच्या बगलेत होतं ते जुळवतात आणि लढत तिथूनच पुढे सुरू होते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो. मामा मात्र गंभीरपणे म्हणाले, “आपल्यात बी कडेला गेली की मधी आणत्यात. पर अशी फोटू काढल्यावानी न्हाई.”

दुसरा फरक अंगावर येणारा आहे. जमिनीवर पडलेल्याच्या डोक्याला लाथ मारणं, गुडघा मारणं किंवा टाचेने तुडवणं अमेरिकी नियमांत बंद आहे. जपानमध्ये आधीच्या ‘प्राइड’ या संस्थेत ते चालायचं आणि आज रिझिनमध्येही चालतं. त्यामुळे खाली पडून दम खाणं इथे परवडत नाही. अमेरिकेतला लढवय्या गुडघ्यावर निवांत बसून राहील अशा जागी जपानमध्ये त्याला काहीतरी करावंच लागतं.

तिसरा फरक गुणांचा. अमेरिकेत प्रत्येक फेरीचे गुण वेगळे देऊन शेवटी बेरीज करतात, म्हणजे घटक चाचण्यांसारखं. प्राइडमध्ये आणि रिझिनमध्ये गुणपंच अख्खी लढत एकत्र धरून निकाल देतात. पहिल्या दोन फेऱ्या थोड्याथोडक्याने हरलेला माणूस तिसऱ्या फेरीत समोरच्याला लोळवून निकाल फिरवू शकतो. रिझिनमध्ये समोरच्याला पोचवलेल्या इजेला १०० पैकी ५० गुण, चढाईला ३० आणि लढतीवरच्या हुकमतीला २० असा हिशेब असतो. प्राइडमध्ये तर पहिली फेरीच १० मिनिटांची असायची आणि कुणी नुसता वेळ काढायला लागला की पंच पिवळं कार्ड दाखवायचे. त्या कार्डासरशी मानधनातले दहा टक्के कापले जायचे. कुस्ती रेटत बसणाऱ्या मल्लांच्या इनामातून असे पैसे कापायला लागले तर आपल्या किती मैदानांची रया बदलेल, असा एक विचार मनात येऊन गेला. असो.

लढत नाही, शिल्लक बघायची

आता मुख्य गोष्ट. जपानी चाहत्याचा खरा जीव असतो तो ‘ग्रां प्री’ म्हटल्या जाणाऱ्या टूर्नामेंटमध्ये. सोळा किंवा आठ जण उतरतात, हरला तो बाहेर, जिंकला तो पुढे. इथपर्यंत नवीन काही नाही, टेनिसमध्येही हेच असतं. पण इथे उपांत्य आणि अंतिम लढत बऱ्याचदा एकाच रात्री होते. दुपारी एकाला हरवायचं, तीन-चार तास खोलीत बर्फ लावून बसायचं आणि रात्री दुसऱ्याशी लढायचं.

लग्नसराईत बँडवाले एका दिवसात दोन वराती घेतात ना, तसं आहे हे. सकाळच्या वरातीत क्लॅरिनेटवाल्याने नवरदेवाच्या मित्रांच्या नादी लागून जीव तोडून वाजवलं, तर संध्याकाळच्या वरातीत त्याचे ओठ सुजलेले असतात. संध्याकाळच्या यजमानाला सकाळच्या वाहवाशी काय देणंघेणं? त्याला आत्ता काय वाजतंय ते हवं असतं.

म्हणून टूर्नामेंट बघताना कोण जिंकला एवढ्यावर थांबायचं नाही. जिंकायला त्याला किती वेळ लागला? मार कुठे बसला? रिंगमधून उतरताना पाय सरळ टाकतोय का? भुवईवर चीर पडली आहे का? हात हलवून बघतोय का? साधी लढत म्हणजे एकच व्यवहार, टूर्नामेंट म्हणजे दिवसभराचं खातं. दुपारच्या विजेत्याच्या खात्यात संध्याकाळी काय शिल्लक आहे, हे ज्याला दिसतं तो खरा चाहता.

२००६च्या प्राइड ग्रां प्रीची शेवटची रात्र घ्या. क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपने उपांत्य लढतीत ब्राझीलच्या वांदरले सिल्वाच्या डोक्यावर डाव्या पायाची लाथ बसवली आणि पहिल्याच फेरीत काम उरकलं. तिकडे अमेरिकेचा जॉश बार्नेट आणि ब्राझीलचा नोगेरा यांची लढत वेळ संपेपर्यंत चालली, बार्नेट निसटत्या निकालाने जिंकला. अंतिम लढतीत हे दोन विजेते समोरासमोर आले तेव्हा एक ताजातवाना होता आणि दुसरा जमिनीवरची अख्खी लढत खेचून आलेला. बार्नेटने पहिल्याच फेरीत हार मानली. १० सप्टेंबर ही तारीख, क्रो कॉपचा त्या दिवशी बत्तिसावा वाढदिवस होता.

पण याच हिशेबाने दुबळ्याचंही कधी भलं होतं. काई आसाकुरा या जोरदार ठोशांच्या पोराने २०२०च्या ऑगस्टमध्ये हिरोमासा ओगिकुबोला पहिल्याच फेरीत झोपवलं होतं. पुढच्या वर्षी रिझिनच्या ग्रां प्रीत ३१ डिसेंबरला दोघेही आपापली उपांत्य लढत गुणांवर जिंकून अंतिम फेरीत आले. साध्या दिवशी आसाकुराचं पारडं जड होतं. पण अंतिम लढत गुणांवर गेली आणि ओगिकुबो जिंकला. चिवट माणसाला टूर्नामेंट मानवते, ती अशी.

आणि कधी खातंच गोठतं. २००४च्या ऑगस्टमध्ये प्राइडच्या ग्रां प्रीत रशियाचा फ्योदोर एमेलियानेन्को आणि नोगेरा यांच्या अंतिम लढतीत डोक्याला डोकं आपटलं, फ्योदोरला चीर पडली आणि लढत रद्द झाली. ती परत झाली ३१ डिसेंबरला. फ्योदोर जिंकला.

पण ३१ डिसेंबरच का?

कारण टीव्ही. त्या रात्री जपानी माणूस घरी असतो, सोबा शेवया खातो आणि सगळं कुटुंब एनएचके या वाहिनीवर ‘कोहाकु उता गासेन’ बघतं. लाल संघात गायिका, पांढऱ्या संघात गायक, अशी गाण्यांची जुगलबंदी, १९५१पासून चालत आलेली. तिच्यासमोर काय दाखवायचं, हा बाकीच्या वाहिन्यांचा कायमचा प्रश्न. त्यांना उत्तर सापडलं ते मारामारीत.

२००३च्या ३१ डिसेंबरला तर तीन वाहिन्यांनी तीन वेगवेगळे कार्यक्रम लावले, साइतामा, नागोया आणि कोबे अशा तीन शहरांतून. नागोयात आकेबोनो हा हवाईत जन्मलेला माजी योकोझुना, म्हणजे सुमोमधल्या सर्वोच्च पदावरचा पहिला परदेशी मल्ल, बॉब सॅप नावाच्या अवाढव्य अमेरिकन माणसासमोर उभा राहिला. ती एमएमए नव्हती, उभ्याने मारायची किकबॉक्सिंगची लढत होती. आकेबोनो पहिल्याच फेरीत तोंडावर पडला. पण ती काही मिनिटं जपानमध्ये कोहाकुपेक्षा जास्त घरांत ही लढत चालू होती. गाण्याच्या कार्यक्रमाने तोवर असा दिवस पाहिला नव्हता.

टीव्हीने वर चढवलं, टीव्हीनेच खाली आणलं. २००६मध्ये एका साप्ताहिकाने प्राइडचे याकुझा टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप छापले, फुजी टीव्हीने करार तोडला आणि पुढच्याच वर्षी प्राइड यूएफसीच्या मालकांना विकली गेली. प्राइडचे प्रमुख नोबुयुकी साकाकिबारा यांनीच २०१५मध्ये रिझिन सुरू केली. पहिला कार्यक्रम पुन्हा साइतामात, पुन्हा वर्षअखेरीला.

नूरा तर नाही ना?

हा प्रश्न मामांनी अगदी हळू आवाजात विचारला. तालमीतल्या माणसाला तो मोठ्याने विचारायला लाज वाटते.

शंका गैर नाही. जपानी एमएमए ठरवून खेळल्या जाणाऱ्या व्यावसायिक कुस्तीच्या, म्हणजे प्रो-रेसलिंगच्या, पोटातून जन्मली. १९७६मध्ये अंतोनियो इनोकी हा त्या खेळातला सितारा टोकियोत मुहम्मद अलीसमोर उभा राहिला, खरं तर आडवा राहिला. पंधरा फेऱ्यांपैकी बहुतेक वेळ तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत होता. निकाल बरोबरी. लोक चिडले, पण एक गोष्ट डोक्यात राहिली की खरंच लढलं तर ते दिसायला असं ओबडधोबड दिसतं. १९८५मध्ये सातोरु सायामा या मुखवटा घालून लढणाऱ्या मल्लाने ‘शूतो’ सुरू केलं. १९९३च्या सप्टेंबरात, यूएफसीच्या आधी दोन महिने, ‘पँक्रेस’ सुरू झालं, तेही प्रो-रेसलरांनीच केलेलं.

आणि मग ११ ऑक्टोबर १९९७. प्राइडची पहिली रात्र, टोकियो डोम. नोबुहिको ताकादा हा रेसलिंगमधला मोठा नायक ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीसमोर उतरला. लोक आपल्या नायकाला जिंकताना बघायला आले होते. पाच मिनिटं व्हायच्या आत रिक्सनने त्याचा हात ताणला आणि ताकादाने टॅप केला. ठरवलेलं असतं तर असं कुणी ठरवलं असतं?

म्हणून सगळंच धुतल्या तांदळासारखं होतं असं मी म्हणणार नाही. प्राइडच्या सुरुवातीच्या काही लढतींकडे जुने चाहते आजही भुवया उंचावून बघतात. शिवाय जोडच चुकीची लावली तर नूरा करायची गरजच उरत नाही, आणि अशा जोडी जपानमध्ये हौसेने लावल्या गेल्या. पण टूर्नामेंटच्या शेवटच्या रात्री माणूस बर्फाच्या पिशव्या काढून परत दोऱ्यांतून आत शिरतो, तेव्हा त्याच्या चालण्यात जे दिसतं ते ठरवून आणता येत नाही.

हे रानटी नाही का?

आहे, काही प्रमाणात. पडलेल्या माणसाच्या डोक्याला लाथ बसते तेव्हा मीसुद्धा तोंड फिरवतो. मेंदूला बसलेला मार भरून येत नाही, आणि एका रात्रीत तो दोनदा खायला लावणं हे डॉक्टरांना विचारून केलेलं नाही, तिकिटं विकायला केलेलं आहे. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांनी ही पद्धत बहुतेक सोडूनच दिली आहे. जपानमध्येही आता आधीच्या फेऱ्या काही महिने अगोदर उरकतात आणि शेवटच्या रात्रीसाठी फार तर दोनच लढती ठेवतात. आधी एका रात्रीत तीन असायच्या.

एवढं मात्र सांगता येईल की या खेळात हार मानायला सन्मानाची वाट आहे. दोन थापट्या, आणि समोरचा सोडतो. बॉक्सिंगमध्ये ती वाट नाही. आणि प्रेक्षक रक्तासाठी ओरडत नाहीत. हा अनुभव पहिल्यांदा घेणाऱ्याला फार विचित्र वाटतो. हजारो माणसं, ना हलगी, ना शिट्ट्या. लढत जमिनीवर गेली की इतकी शांतता पसरते की कोपऱ्यातल्या वस्तादाचं बोलणं टीव्हीवर ऐकू येतं. मग वरच्या माणसाने खालच्याच्या पायांच्या विळख्यातून नुसता एक गुडघा सोडवला, तरी सगळीकडून एक हुंकार उठतो आणि टाळ्या पडतात. एका गुडघ्याला! खासबागेत जाणकारांच्या रांगेत बसलेल्याला त्या हुंकाराची ओळख पटकन पटेल.

एक रात्र नीट: १ मे २०००

कार्यक्रम संपल्यावर मामा म्हणाले, एखादी जुनी दाव. डॉक्टरांनी टीव्ही कमी बघा म्हणून सांगितलं होतं, पण त्या दिवशी ते आम्ही दोघांनीही सोयीने विसरलो. मी लावली ती साकुराबा आणि रॉयस ग्रेसीची. ब्राझीलमध्ये रॉयसला ‘होइस’ म्हणतात, मी आपलं छापतात तसं लिहितो.

गोष्ट ऐंशीहून जास्त वर्षं मागे जाते. मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोपटू १९१४मध्ये ब्राझीलला पोचला. त्याने शिकवलेल्यांत ग्रेसी घराण्यातला कार्लोस होता. त्या घराण्याने ही विद्या घासूनपुसून आपली केली. १९५१मध्ये कार्लोसचा धाकटा भाऊ एलिओ रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये मासाहिको किमुरा या ज्युदोच्या दिग्गजाशी लढला. किमुराने त्याचा हात पाठीमागे पिरगळला. एलिओने टॅप केला नाही. शेवटी कोपऱ्यातून टॉवेल आला. त्या डावाला ब्राझीलवाल्यांनी आपल्याला हरवणाऱ्याचंच नाव दिलं, किमुरा. आजही जगभर तो डाव याच नावाने ओळखतात. (मामांना इथे खाशाबा जाधव आठवले. बरोबरच होतं. दुसऱ्याच वर्षी, १९५२ला हेलसिंकीत, खाशाबांच्या गटातलं सुवर्ण शोहाची इशिई घेऊन गेला, तोही मूळचा ज्युदोचाच.)

रॉयस हा एलिओचा मुलगा. १९९३च्या पहिल्या यूएफसीत त्याने एका रात्रीत तीन जणांना हरवलं होतं आणि तिन्ही लढती मिळून जेमतेम पाच मिनिटं खर्च केली होती. शिल्लक राखणं म्हणजे काय ते त्याच्याइतकं कुणाला कळणार?

काझुशी साकुराबा ताकादाच्याच तालमीतला, तोही रेसलिंगमधून आलेला. १९९९च्या नोव्हेंबरात त्याने रॉयसचा भाऊ रॉयलर याला नेमक्या त्या किमुरा डावात पकडलं. रॉयलरने हार मानली नव्हती, पंचांनीच लढत थांबवली. ग्रेसी घराण्याला ते झोंबलं. म्हणून २०००च्या प्राइड ग्रां प्रीत रॉयस-साकुराबा जोड लागली तेव्हा त्यांनी अट घातली की फेऱ्या १५ मिनिटांच्या, पण किती व्हायच्या याला मर्यादा नाही. पंचांनी मध्ये पडायचं नाही. एकाने हार मानावी, नाहीतर टॉवेल पडावा. मी हे सांगितल्यावर मामा ताठ बसले. “म्हंजे निकाली कुस्ती!”

अगदी तेच. फक्त ही निकाली कुस्ती टूर्नामेंटच्या मध्ये होती, त्या रात्री जिंकणाऱ्याला अजून दोन लढायच्या होत्या.

साकुराबा मुखवटा घालून आला. तसेच मुखवटे घातलेले दोन साथीदार बरोबर, तिघांतला खरा कोण ते कळू नये म्हणून. रॉयस ज्युदोच्या पांढऱ्या जाड पोशाखात. तो पोशाख म्हणजे ग्रेसींचं हत्यार, त्याच्या कॉलर-बाह्यांनी समोरच्याला आवळायचं. साकुराबाने ते हत्यार उलटं फिरवलं, त्याच कापडाला धरून रॉयसला हवा तसा ओढला, ढकलला. आणि उभ्याने त्याच्या मांडीवर लाथा. मोठ्या नाहीत, दिखाऊ नाहीत. एक. मग एक. फेरी संपते, दुसरी सुरू होते, पुन्हा मांडीवर एक. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत रॉयसचा पाय वजन घेईनासा होतो. मामांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली आणि एवढंच म्हणाले, “झाड तोडायलाय त्यो.”

सहावी फेरी संपली. ९० मिनिटं झाली. फुटबॉलचा अख्खा सामना, पण बावीस जणांऐवजी दोघांनी खेळलेला. सातवीची घंटा व्हायच्या आत रॉयसचा भाऊ होरियन याने टॉवेल फेकला. एलिओ तिथेच होता. १९५१ला त्याच्यासाठी पडलेला टॉवेल आता मुलासाठी पडला होता.

त्या रात्रीचं बाकी खातं असं. जपानच्या काझुयुकी फुजिताने स्पर्धेतला दादा समजला जाणारा मार्क केर याला हरवून खळबळ माजवली, पण स्वतः जखमी झाला. उपांत्य लढतीत तो मार्क कोलमनसमोर आला, घंटा झाली आणि दोन सेकंदांत त्याच्या कोपऱ्याने टॉवेल टाकला. म्हणजे कोलमनला उपांत्य लढत जवळपास फुकटात पडली. तिकडे युक्रेनचा इगोर व्होवचांचिन गॅरी गुडरिजला लोळवून साकुराबाची वाट बघत होता. साकुराबापेक्षा वीसेक किलोंनी जड, बुक्क्यांत हातोड्याचं वजन. साकुराबा आला, सुरुवातीला त्याने त्या माणसाला खालीसुद्धा पाडलं. मग हळूहळू टाकी रिकामी झाली. १५ मिनिटं संपली, गुणपंचांना जादा फेरी हवी होती, साकुराबाच्या कोपऱ्याने नकार दिला. अंतिम लढतीत कोलमनने व्होवचांचिनला गुडघ्यांच्या माराने हार मानायला लावली आणि ग्रां प्री नेली. त्या वर्षीच्या प्राइडबद्दल विचारलं तर आज लोक नाव घेतात साकुराबाचं.

पण मामांना मी हे काही आधी सांगितलं नव्हतं. रॉयसच्या टॉवेलनंतर ते चहा प्यायला आत गेले होते, येऊन बघतात तर साकुराबा पुन्हा रिंगकडे चालत येतोय. मुखवटा नाही, चेहरा ओढलेला. मामा कप हातात धरून उभेच राहिले.

“ह्येला कशापायी आणलंय परत?”

“मामा, मघाशी तो जिंकला ना,” मी म्हटलं, “म्हणून.”